पेटीला भोक पाडायचं न्हाय

मीनाबाईला करंट बसला, तेव्हा ती रोजच्यासारखीच मोटार चालू करायला गेली होती.

आमचं चिंचकुरण शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. गावाला प्यायचं पाणी नदीकाठच्या विहिरीतून येतं. विहिरीत मोटार, काठावर खांबाला अडकवलेली पत्र्याची पेटी, पेटीत स्टार्टर, आणि त्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबायला पंचायतीनं नेमलेली मीनाबाई कांबळे. नवरा वारल्यावर त्याचं काम तिच्याकडं आलं. बटण दाबायचं, टाकी भरली की गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचे. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या घरी मयत झाली, कुणाला जादा पाणी लागणार, हे तिला गावाच्या आधी कळायचं.

पेटी मात्र पार गेलेली. खालची कड गंजून चाळण झाली होती. बिजागरी तुटल्यामुळं दार तारेनं बांधून ठेवलेलं. एकोणीसच्या महापुरात ती पाण्याखाली गेली, एकवीसच्या पुरात परत गेली. दोन्ही वेळा गावचा वायरमन आकाराम यानं ती धुतली, उन्हात वाळवली आणि आहे तिथंच टांगली.

त्या दिवशी सकाळी बुरबुर लागली होती. मीनाबाईनं तार सोडायला हात घातला आणि ती मागं फेकली गेली. धुणं घेऊन नदीला निघालेल्या चिमणाबाईनं हे डोळ्यांनी बघितलं. तिला आधी वाटलं पाय घसरला. जवळ जाऊन बघते तर मीनाबाईचे डोळे फिरलेले आणि उजव्या हाताची बोटं वाकडी झालेली. चिमणाबाईनं बोंब ठोकली तशी माणसं धावली.

थोड्या वेळानं मीनाबाई विहिरीच्या पायरीवर उठून बसली. बोटं अजून सरळ होत नव्हती. तोवर आकाराम आला.

"वल्ल्या हातानं लावलं असशील मावशी," तो म्हणाला.

"हात माझा वल्ला न्हवता," मीनाबाई म्हणाली. "वल्ली झालीया ती पेटी."

आकारामनं खिशातून टेस्टर काढला आणि दाराला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. चौकटीला टेकवला, लागला. लोखंडी खांबाला टेकवला, तिथंही लागला. त्यानं टेस्टर गुपचूप खिशात घातला.

एवढ्यात हंबीरराव माने आले. पाणी समितीचे अध्यक्ष, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी सून संयोगिता हिला उभी केली, निवडून आणली, आणि तेव्हापासून खुर्ची सुनेची आणि बोलणं सासऱ्याचं असा कारभार चालला होता. माणूस तसा वाईट नव्हे. पुरात स्वतःच्या ट्रॅक्टरनं माणसं बाहेर काढली होती त्यांनी. पण गावातलं कुठलंही काम आपल्या हातून झालं नाही, तर ते झालंच नाही असं त्यांना वाटायचं.

"टाकी रिकामी हाय," आबा म्हणाले. "गाव घागरी घिऊन बसलंय. आजच्याला तेवढं चालू कर मीनाबाई, उद्या बघू काय ते."

"तुम्हीच करा चालू, आबा," मीनाबाई म्हणाली.

जमलेली माणसं आबांकडं बघायला लागली. आबांनी एक पाऊल पुढं टाकलं. पेटीकडं बघितलं. मग म्हणाले, "आकाराम, दाब रं."

आकारामनं इकडंतिकडं बघितलं. विहिरीशेजारच्या खोपटात फावड्याचा एक कोरडा दांडा पडला होता, तो आणला. पायाखाली फळी घेतली आणि लांबूनच दांड्याच्या टोकानं बटण दाबलं. मोटार सुरू झाली. माणसं हसली. आबाही हसले.

"झालं की! रोज असंच करायचं."

मीनाबाई पायरीवरून उठली. "मग पंचायतीनं दांडाच नेमावा. मला कशाला नेमलंय?" असं म्हणून ती माळाकडं चालायला लागली. पेटी बदलल्याशिवाय मी बटणाला हात लावणार न्हाय, हे तिनं पाठमोरी असतानाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली नाही. आकारामनं थोडे दिवस दांड्यावर निभावलं. मग त्याच्या बायकोनं त्याला उंबऱ्यातच अडवलं आणि तेही थांबलं. पाणी बंद.

गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन मीनाबाईच्या दारात जाऊ लागल्या. गावच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ आहे, तिथं बौद्धांची वस्ती आहे. पूर्वी ही घरं नदीकडंला होती. महापुरात ती गेली आणि वस्तीला माळावर जागा मिळाली. मीनाबाईचं घर समाजमंदिराच्या शेजारी. तिच्याच वस्तीतली माणसंही तिच्यावर चिडली होती, कारण त्यांच्या नळालाही पाणी नव्हतं.

"नोकरी जाईल तुझी," चुलत दीर म्हणाला. "दुसरा कोणी बी नेमतील."

"नेमू देत. जो येईल त्याला मी आधी हा माझा हात दावणार," मीनाबाई म्हणाली. "भावजी, माझं सोडा. त्या खांबाला करंट हाय. उद्या शाळेतनं येताना कुठलं पोर त्याला हात लावून उभारलं तर? तवा तुम्ही म्हणणार, मीनाबाईला ठावं हुतं आन् ती गप बसली."

त्या दिवसापासून वस्तीत तिच्यावर कोणी आवाज चढवला नाही.

मग एकदा आबांचा मुलगा, संयोगिताचा नवरा धैर्यशील मोटारसायकलवर आला. "मावशी, चल. पेटीचं काम झालं," म्हणाला.

मीनाबाई त्याच्यामागून विहिरीवर गेली. पेटी हिरवीगार चमकत होती. जवळ गेल्यावर ऑइल पेंटचा वास आला. तिनं वाकून खालची कड बघितली. चाळणीच्या भोकांतून रंगाचे ओघळ आत उतरले होते. दाराला तार तीच.

"पेटी तीच हाय की," ती म्हणाली.

"रंग एक नंबर हाय. दोन हात मारल्यात."

"गंजाला दोन हात मारलं म्हणून गंज मरतोय व्हय रं? तू लाव बरं हात."

धैर्यशीलनं हात लावला नाही. मीनाबाई परत माळ चढली आणि घरी जाताच तिनं कबनूरला भाचीला फोन लावला.

भाची म्हणजे तिच्या भावाची मुलगी संघप्रिया. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली, कबनूरात यंत्रमागांच्या कारखान्यांना पॅनेल भरून देणारी. दिवसभर कापसाच्या तुसात काम. धूळ आणि पाणी विजेच्या पेटीत कुठल्या फटीतून शिरतं हे शोधणं तिचं रोजचंच. ती दुसऱ्या दिवशी स्कूटरवर आली. आकारामला सोबत घेऊन तिनं आधी मेन बंद करून घेतला, पेटी उघडली, बॅटरी मारून आत बघितलं. आतल्या बाजूला, वरच्या पट्टीच्याही वर, वाळलेल्या गाळाची रेघ होती.

"आत्ती, ही पेटी वाईटच हाय," ती म्हणाली. "पण लई भारी पेटी आणून हिथंच लावली, तरी तिचं हेच होणार."

"ते का?"

"पावसाला अडवंल अशी पेटी मिळती. नदीला अडवंल अशी न्हाय मिळत. नदी पोचत न्हाय अशा जागी बसवायची, दुसरा इलाज न्हाय. पेटी वर, मोटार विहिरीत, मधी जाड केबल. मग पूर आला तरी, लाइन असली की पाणी चालू."

हे ऐकून मीनाबाई एकदम सरळ उभी राहिली. पुरात गावाला चारी बाजूंनी पाण्यानं वेढा घातलेला असतो आणि प्यायला थेंब नसतो. हे दुःख कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिनं भाचीला तशीच सरपंचांकडं नेली. आबा घरी नव्हते. संयोगितानं दोघींचं सगळं ऐकून घेतलं, आणि ग्रामसभा बोलावली.

सभा शाळेच्या आवारात भरली. पाणी बंद असल्यामुळं कधी नव्हे ते मैदान भरलं. आबा बोलायला उठले.

"मोटारीला धाड भरली न्हाय. पेटीला रंग दिलाय. ह्यो सगळा खेळ कशासाठी चाललाय, सांगू? भाचीला काम मिळावं म्हणून आत्तीचा संप हाय ह्यो!"

माणसं हसली. संघप्रिया उभी राहिली.

"काम तुम्ही कुणालाबी द्या," ती म्हणाली. "कबनूर-इचलकरंजीत पेटी भरणारे रग्गड हाईत, नावं मी देते. फकस्त तीन गोष्टी बघा. पेटी पत्र्याची नको, फायबरची घ्या. तिला गंज चढत न्हाय, आन् फायबरला करंट बी येत न्हाय. अर्थिंग नव्यानं करा. आन् पेटी पुराच्या रेघंच्या वर बसवा. एवढं करणार असाल तर मी आत्ताच घरी जाते."

"पुराच्या वर म्हंजे कुठं? आभाळात?" कोणीतरी ओरडलं.

त्यावर संयोगिता बोलली. एवढ्या सभेत आम्ही तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल.

"मापून बघूया की," ती म्हणाली.

शाळेच्या भिंतीवर एकोणीसच्या पुराची निळी रेघ मारलेली आहे. गवंड्याकडची पाण्याची लेवल नळी आणली. एक टोक त्या रेघेला धरायचं, दुसरं टोक पुढं न्यायचं, नळीतलं पाणी जिथं थांबेल तिथं खूण करायची, मग तिथून पुढं. नळीमागून अख्खी सभा गावभर फिरली. देवळाचा चौथरा रेघेच्या खाली निघाला. पंचायतीची कचेरी खाली निघाली, तिची खिडकीसुद्धा. दूध डेअरी खाली. आपल्या दाराच्या कितव्या फळीपर्यंत नदी आली होती, हे जो तो नव्यानं बघत होता. रेघेच्या वर दोनच जागा निघाल्या. एक आबांच्या बंगल्याचं आवार, एकवीसच्या पुरानंतर भर घालून उंच केलेलं. दुसरा वस्तीचा माळ.

"मग सुटला की प्रश्न!" आबा खुशीत म्हणाले. "माझ्या आवारात लावा. गावासाठी जागा फुकट."

काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मीनाबाई पुढं आली.

"आबा, रोज पहाटे मी तुमच्या फाटकापाशी उभारायचं, कुत्रं बांधलंय का इचारायचं, आन् मग गावाला पाणी सोडायचं व्हय?"

"तू कशाला तरास घेतीस? आमचा गडी दाबंल की बटण."

"आलं ध्यानात," मीनाबाई म्हणाली. "पेटी तुमच्या दारात, गडी तुमचा, आन् पाणी तेवढं गावाचं."

मागून एकजण बोलला, "मग काय वस्तीवर लावायची? गावच्या पाण्याचं बटण वस्तीत?"

मीनाबाई वळली.

"कोण बोललं? पुढं या. मागनं नको." कोणी पुढं आलं नाही. "बरं, न्हाय तर तिथनंच ऐका. आजवर बटण वस्तीच्याच हातानं दाबलंय. आधी माझ्या मालकानं, मग मी. तवा पाणी गोड लागलं ना तुमास्नी? आता बटण माळावर गेलं म्हणून ते खारं हुणार हाय? पुरानंतर आम्हाला त्या माळावर धाडलं, तवा तुमच्यातलीच माणसं म्हणत हुती, खडकावर काय उगवणार ह्यांचं. काय बी उगवलं न्हाय. पण नदी तिथवर येत न्हाय. गावाला वाचायचं असंल तर गावानं वर यावं. मी खाली येणार न्हाय."

आबा काही बोलायच्या आत संयोगिता त्यांच्या शेजारून उठून पुढं आली.

"एकवीसच्या पुरात मी गरोदर हुते," ती म्हणाली. "माडीवर अडकलो हुतो. चौफेर पाणी, आन् मी पागोळीखाली पातेलं धरून पावसाचं पाणी पीत हुते. आबांनी ट्रॅक्टरनं मला भायेर काढलं, ते मी विसरले न्हाय. पण पुन्ना कुणी बाई पातेलं धरून बसायला नको. समाजमंदिराची जागा पंचायतीच्या नावावर हाय. पेटी तिथं बसवायची, असा ठराव मी मांडते. हात वर करा."

पहिला हात चिमणाबाईचा. तिच्यामागं बायांचे हात वर गेले. मग एकेक करून गडीमाणसांचे. आबा हात मोजायला थांबले नाहीत. मोजायची गरजही नव्हती. त्या दिवशी मान्यांच्या घरात काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी संयोगिता नेहमीच्या वेळेला पंचायतीत आली, आणि येताना एकटी आली, सासऱ्याच्या गाडीतून नाही.

बाकीच्यांकडून भाव मागवून झाले, त्यात संघप्रियाचाच सगळ्यात कमी निघाला आणि काम अखेर तिच्याकडंच आलं. पेटी आणायला ती कोल्हापूरला निघाली तेव्हा मीनाबाईनं सोबत यायचा हट्ट धरला. "हात माझा लागणार हाय तिला," म्हणाली. "मी बघून घेणार."

शिवाजी पेठेतल्या एका गाळ्यात दुकानदारानं आधी चकाचक पत्र्याची पेटी पुढं ठेवली. संघप्रियानं ती सरकवली. मग फायबरच्या दोन पेट्या आल्या. दिसायला सारख्याच, राखाडी. मीनाबाईनं दोन्हींची दारं उघडून कडेची रबरी पट्टी अंगठ्यानं दाबून बघितली. एकीची पट्टी कोपऱ्यात जोडलेली, दुसरीची अखंड.

"आत्ती, तिकीट दे," संघप्रिया म्हणाली. एसटीचं तिकीट तिनं दाराच्या फटीत ठेवलं, दार लावलं, खिट्टी फिरवली. "आता वढ."

पहिल्या पेटीतून तिकीट सहज निसटलं. दुसरीतून ओढलं तर फाटलं, पण निघालं नाही.

"हीच," मीनाबाई म्हणाली. "पावणं, ही बांधा."

गावात पेटी उतरवली तेव्हा धैर्यशील पारावर बसला होता. "एवढ्या रामायणानंतर ह्यो जेवणाचा डबा आणला व्हय?" तो ओरडला. पारावरची पोरं हसली. मीनाबाईनं पेटी डोक्यावर घेतली आणि भर चौकातून माळापर्यंत तशीच चालत नेली.

केबलसाठी विहिरीपासून माळापर्यंत चर खणायचा होता. खणायचं यंत्र गावात आबांच्याच नात्यात, आणि ते ऐनवेळी बिघडलं. दुसऱ्यांचे ट्रॅक्टरही एकेक करून बिघडले. वस्तीतली माणसं टिकाव-फावडी घेऊन उतरली. काळ्या रानातला चर भराभर झाला, पण माळाच्या चढाला खडक लागला तेव्हा हात थांबले. दुपारी चिमणाबाई डोक्यावर पदर बांधून, कुदळ घेऊन आली. तिच्यामागून खालच्या गल्लीतल्या आणखी बाया.

"आमच्या घरात बी तहान हाय," चिमणाबाई म्हणाली. "सरका."

आकारामलाही निरोप होता की या कामाला जायचं नाही. तो आला. पक्कड खिशात, मान खाली. संघप्रियानं त्याला काही विचारलं नाही, केबलचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

अर्थिंगनं सगळ्यात जास्त दमवलं. खडकात ओल धरत नाही, आणि ओलीशिवाय अर्थिंग धरत नाही. संघप्रियानं दोन जागी खणून बघितलं आणि सोडून दिलं. शेवटी समाजमंदिराच्या खालच्या बाजूला, जिथं वस्तीच्या नळाचं सांडपाणी मुरायचं, तिथं भुसभुशीत माती लागली. तिथं खोल खड्डा काढून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घातली. पेटी समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला, उन्हाच्या उलट बाजूला, मीनाबाईच्या खांद्याच्या उंचीवर बसवली. वर पत्र्याची छोटी छपरी. केबल वरून नाही, खालून आत घेतली, आणि जिथून घेतली तिथं रबरी बोंडानं घट्ट आवळली. करंट गळला तर आपोआप पडेल असा खटका आत बसवला.

"वरनं भोक पाडलं की पावसाचा थेंब वायरीवरनं सरळ घरात येतोय," संघप्रिया आकारामला सांगत होती. "खालनं घेतलं की तो तळाशीच गळून पडतोय. ह्या पेटीला खालची ही भोकं सोडून एकबी भोक न्हाय. कधी पाडायचं बी न्हाय."

वीज मंडळाचा माणूस येऊन जुन्या खांबाची लाइन तोडून, नवा मीटर जोडून गेला. मग मीनाबाईनं पेटी उघडली आणि बटण दाबलं. खाली विहिरीवर मोटार सुरू झाल्याचा आवाज माळावर यायला थोडा वेळ लागला. मग टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि खालच्या गल्लीतून कोणीतरी शिट्टी मारली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आबा अजून शिल्लक होते.

पुढच्या रविवारी सकाळी ते माळावर आले. मागं धैर्यशील, त्याच्या हातात ड्रिल मशीन. आणखी दोघांच्या हातात नारळ, हार आणि एक चकचकीत पितळी पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत: 'नूतन पाणीपुरवठा नियंत्रण पेटी. प्रेरणास्थान, मा. हंबीरराव (आबा) माने.' संघप्रिया कबनूरला होती. मीनाबाई नुकतीच टाकी भरून दाराशी बसली होती.

"लोकार्पण राहिलं हुतं," आबा म्हणाले. "धैर्या, दारावर मधोमध घे. चार स्क्रू बसतील."

मीनाबाई उठली, चालत गेली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो," धैर्यशील म्हणाला.

"न्हाय हुत."

"मीनाबाई," आबा म्हणाले, "ही पेटी गावाची हाय. तुझ्या घरची न्हवं."

"गावाची हाय म्हणूनच उभारलेय. माझ्या घरची असती तर तुमचं नाव कोरून घेतलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. "आबा, नावाचं मला काय बी न्हाय. माझ्या मेलेल्या मालकाच्या नावाची पाटी आणली असतीसा, तरी मी भोक पाडू दिलं नसतं. ह्या दाराला चार भोकं पडली की ही पेटी त्या जुन्या पेटीची भन झाली. एका पावसात पाणी आत. मग परत कुणाचा तरी हात वाकडा. माझाच."

धैर्यशीलनं ड्रिल चालू केलं. घरघरणारं मशीन तिच्या खांद्याजवळ हवेत धरलं. आसपासच्या घरांतून माणसं बाहेर आली. मीनाबाईनं मशीनकडं बघितलंही नाही. ती आबांकडं बघत होती.

"पाडायचंच असंल तर आधी माझ्यातनं पाडा."

मीटर बघायला आलेला आकाराम समाजमंदिराच्या कोपऱ्यातून पुढं आला. घसा खाकरून म्हणाला, "आबा, मी सांगून ठेवतो. दारात भोक पडलं तर हिथनं फुडं मी टेस्टर घेऊन येणार न्हाय. त्या दिशी मावशीलाच दोष दिलता मी. पुन्ना न्हाय देणार."

"बंद कर ते," आबा धैर्यशीलला म्हणाले. मशीन थांबलं. एवढी माणसं बघत होती आणि आबांच्या हातात पाटी होती. ती खाली ठेवता येईना, परत नेता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाला पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं.

मीनाबाईच्या ते ध्यानात आलं. पण ती पेटीपासून हलली नाही.

"पाटी लावायची हौस असंल तर लावा की," ती म्हणाली. "पण तिला तिचा खांब रोवा. रस्त्याच्या कडंला. खड्डा आम्ही काढून देतो, खडक फोडायची सवय झालीया."

कोणीतरी हसलं, मग आणखी काहीजण. आबांना वाटलं आपल्याला हसतायत. मग त्यांच्या लक्षात आलं की वस्तीतली दोन माणसं खरोखरच पहार आणायला गेलीयत. खड्डा झाला, लोखंडी नळीचा खांब उभा राहिला, त्यावर पाटी बसली. तो सरळ आहे का हे आबांनी एक डोळा मिटून स्वतः बघितलं आणि दोन वेळा दुरुस्त करून घेतला. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा मीनाबाईकडं आला तेव्हा तिनं तो घेतला आणि पेटीला पाठ टेकवूनच खाल्ला.

त्या पावसाळ्यात नदी वाढली, खालच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि परतली. पेटीची खरी परीक्षा झालीच नाही. होईल तेव्हा होईल. माळावर शेळ्या चरतात, त्या आबांच्या खांबाला अंग घासतात, त्यामुळं पाटी खालच्या बाजूनं चांगली लख्ख राहते.

पुढच्या ग्रामसभेला बायांची गर्दी पहिल्यापेक्षा जास्त होती. सरपंचांच्या खुर्चीवर संयोगिता, आबा पहिल्या रांगेत. विषय वाचायला सुरुवात व्हायच्या आतच मीनाबाई उठली.

"माझा एक हाय," ती म्हणाली. "शाळंपुढं रस्त्याच्या दिव्यांची पेटी हाय. तिचं दार कुठं गेलं, ते कुणाला ठावं हाय का? न्हाय? मग आज त्याच्यावरनंच सुरुवात करूया."